पावती सुमनच्या नावानं

गाव सोडलं तेव्हा टेम्पोत संसाराची दोन पोती, बायको सुमन आणि तिच्या मांडीवर लेक. राजूरचा गणपती आमच्या गावापासून जवळ. चतुर्थीला मी तिथं मंदिराबाहेर नारळ विकायचो. गावात पक्कं दुकान टाकायचं म्हणून ग्रामपंचायतीच्या बोलीत गाळा जिंकला, ऐनवेळी पंचायतीनं तो दुसऱ्याला दिला. मी आरडाओरडा केला. चुलतभाऊ भास्करदादासकट सगळे खाली बघत बसले. निघताना आई एवढंच म्हणाली, "तोंड आवर, हात चालव." हात चालवले. तोंडाचं जमलं नाही.

भोसरीत आज माझा जुन्या मशिनींचा धंदा आहे. समोरच्याला काय हवंय ते ओळखायचं आणि भाव पाडायचा, एवढंच मला येतं. त्यामुळे दान करणाऱ्यांबद्दल माझं मत पक्कं होतं: माणूस नावासाठी देतो.

गेल्या वर्षी सुमनच्या हृदयाची झडप बदलायची वेळ आली. पैसा मालात अडकलेला. लेकीनं मला न विचारता मदतीचं ऑनलाइन पेज काढलं, लिंक गावच्या ग्रुपवर टाकली. मी भडकलो. पण पैसे येऊ लागले होते, आणि देणाऱ्याच्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच नाव: सुमन. पेज चालवणाऱ्या कंपनीला संशय आला, तिनं पैसे रोखले. ऑपरेशन चार दिवसांवर.

गावानं चेष्टा केली असं समजून मी भास्करदादावर फोनवरच तुटून पडलो.

"वरडू नको," तो म्हणाला. "मोबाइलनं नाव इचारलं, आम्ही सुमनचं टाकलं. अभिषेकाची पावती कोणाच्या नावानं फाडतेत? जो बिमार, त्याच्याच ना? इतकी वर्षं देवळापुढं नारळ विकले, एवढं बी समजंना का तुला?"

"आणि तुमची नावं?"

"आमचं काय काम तिथं? आम्ही बिमार हाव का?"

लेकीनं कंपनीला ही रीत समजावली. त्यांनी गावात चार फोन करून खात्री केली आणि पैसे सोडले. ऑपरेशन झालं. सुमन आता न थांबता जिना चढते आणि वरून मलाच हाका मारते.

गावाकडच्यांनो, गाळ्याचा राग गेला असं खोटं सांगणार नाही. आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, एक अडचण तुम्हालाच कळेल. कुणी दिलं, कुणी न्हाई, हे मला कधीच समजणार नाही. परवा गावी उतरलो तेव्हा कुणाकडं बघायचं नाही, हेच ठरेना. मंग स्टँडपासून घरापर्यंत दिसेल त्याला नमस्कार करत गेलो. जिथं आता एकालाही टाळता येत नाही, ते माझं गाव.