कुसुमताईंचा इंडक्शन आणि पहिलं घावण

पाणी उकळलं. पहिल्या दोन व्हिजिटला उकळलं होतं, तसंच तिसऱ्या व्हिजिटलाही उकळलं. मी कंपनीचं टेस्टचं पातेलं उतरवलं, पुसून बॅगेत टाकलं आणि म्हणालो, "काकू, मशीनमध्ये काहीच प्रॉब्लेम नाही."

"मगे काय, मी खोटा बोलतंय?" कुसुमताई राणे पदराला हात पुसत म्हणाल्या.

या प्रश्नाला सर्व्हिस इंजिनियरने उत्तर द्यायचं नसतं. लोकांच्या स्वयंपाकघरातली मशिनं दुरुस्त करण्यात माझी निम्मी हयात गेली, तेवढी अक्कल मला आली आहे. मी चहाचा कप उचलला.

तक्रार अशी होती. घाटकोपरला जुनी चाळ पाडून तिथे टॉवर झाला. माणसं राहायला आली, पण गॅसची पाइपलाइन आली नाही. सिलिंडर वर चढवायला सोसायटीची मनाई. मग घरोघर इंडक्शन आले. बाकी सगळ्यांचे नीट चालले. बाराव्या मजल्यावरच्या कुसुमताईंचा तेवढा सकाळी ऐन कामात आपोआप बंद पडायचा. तोही रोज नाही. त्यांच्या भाषेत, "मनात इला की."

आता एखाद्या घरी इंडक्शन बंद पडला तर फार तर वरणभाताला उशीर होतो. कुसुमताईंचे पवईच्या एका ऑफिसात चौदा डबे जायचे. चाळीत असल्यापासूनचं काम. महिन्याभरात तीनदा डबे उशिरा पोचले होते. आता आणखी एकदा उशीर झाला तर आम्ही कॅन्टीनला जेवू, असं ऑफिसवाल्यांनी सांगून टाकलं होतं. मुलगा चांगल्या नोकरीत. तो तर वाटच बघत होता. "आई, बस झालं आता. आराम कर."

"आराम करून करू काय?" त्या मला म्हणाल्या. "भिंतीक तोंड लावून बसू? हय बाराव्या माळ्यार कावळो पण येणा नाय. नुसती कबुतरां." हे बोलताना त्या हसत होत्या, पण डोळे हसत नव्हते. मला वाईट वाटलं. माझी आई निवृत्त झाल्यावर सहा महिने कपाटं आवरत होती, ते आठवलं.

खाली उतरलो तर विकासचा फोन. विकास माझा मॅनेजर. वयाने माझ्या मुलाएवढा, त्यामुळे मला काका म्हणतो आणि कामं मॅनेजरसारखी सांगतो.

"जोशीकाका, तीन व्हिजिट आणि नो फॉल्ट. मिसयूज टाका ना, कॉल क्लोज करा."

मिसयूज म्हणजे गिऱ्हाइकाने मशीन चुकीचं वापरलं. एकदा तो शिक्का बसला की वॉरंटी गेली आणि वर बाई खोटारडी ठरली.

"काय मिसयूज केला, ते तर कळू दे."

"यार काका... बरं, एक व्हिजिट. लास्ट हां!"

त्याआधी मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे त्यांच्याकडे कंपनीची जुनी कॉइलची शेगडी आठवडाभर ठेवली, म्हणजे डबे तरी अडायला नकोत. दुसरं, इंडक्शनही थोडा वापरत राहा आणि तो कोणत्या दिवशी बंद पडतो ते कॅलेंडरवर लिहा, असं सांगितलं.

इथे थोडं समजावून सांगतो. गॅसमध्ये ज्योत भांडं तापवते. कॉइलच्या शेगडीत आधी तार तापून लाल होते, मग भांडं. म्हणून ती तापायला वेळ घेते आणि बटण बंद केल्यावरही बराच वेळ धुमसत राहते. इंडक्शनमध्ये ज्योत नाही, लाल तार नाही. काचेखालचं चुंबकाचं क्षेत्र थेट भांड्याच्या बुडालाच तापवतं. म्हणून भांडं चुंबक चिकटेल असंच लागतं. ॲल्युमिनियमचं ठेवलंत तर मशीन नुसतं बीप बीप करतं. कुसुमताईंचा बिडाचा तवा त्याला एकदम पसंत होता, तेव्हा भांड्याची शंका मी पहिल्याच दिवशी सोडली होती.

आठवड्याने गेलो तेव्हा त्यांचा निकाल तयार होता.

"गॅस म्हंजे घरचो माणूस. हाक मारली की ओ देता. ही तुमची कॉइल म्हंजे सरकारी हापिसर. उठाक येळ, बसाक येळ. आणि रोज करपल्याचो वास घरभर!"

"आणि इंडक्शन?"

"हुशार हा. पण रुसता."

करपल्याच्या वासाकडे मी लक्ष दिलं नाही. काहीतरी सांडलं असेल, असं धरलं. एवढा अनुभव असून तिथेच चुकलो.

कॅलेंडरवर मंगळवार आणि शुक्रवारवर फुल्या होत्या. मला आनंद झाला. पंप! सोसायटीचा पाण्याचा पंप त्या दिवशी चालत असणार आणि व्होल्टेज पडत असणार. वॉचमनला विचारलं. पंप रोज चालत होता. माझी थिअरी दोन मिनिटांत लिफ्टने खाली गेली.

"काकू, मंगळवारी आणि शुक्रवारी वेगळं काय करता?"

"घावने. बाकीचे दिवस भाकरी."

आज शुक्रवार होता. डबे पवईला न्यायला कुसुमताईंचे दीर यायचे, त्यांना यायला दीड तास होता. मी पातेलं बॅगेतून काढलंच नाही. स्टुलावर बसलो आणि म्हटलं, "आज पाणी नको. मी नाहीच असं समजा आणि तुमचं काम करा."

तवा तापला. त्यांनी तांदळाचं पातळ पीठ ओतलं आणि पहिलं घावण जाळीदार पडलं. त्यांनी ते काढलं, दुसरं घातलं, पहिल्याचा एक वाफाळता तुकडा तोडला आणि इंडक्शनच्या पुढच्या कडेला, बरोबर बटणांच्या पट्टीवर ठेवला. हात जोडले. मग पाठ फिरवून चटणीचा मिक्सर सुरू केला.

मिक्सरच्या घरघरीत इंडक्शनने एक बारीकसं बीप केलं आणि तो बंद पडला.

त्या वळल्या, सवयीने तुकडा उचलून खिडकीत कबुतरांना ठेवला, आणि तवा बघून किंचाळल्या, "बघलास, जोशीनू! रुसलो!"

मला हसू आवरेना. बटणांची ती पट्टी स्पर्शावर चालते. तिच्यावर ओलं काही राहिलं की मशीनला वाटतं दूध उतू गेलं, आणि ते घाबरून बंद होतं. कोरड्या भाकरीचा तुकडा त्याला कळत नव्हता, ओल्या घावणाचा कळत होता. आणि पुरावा रोज कबुतरं खात होती.

"काकू, तो तुकडा कशाला ठेवलात?"

"पयला अग्नीक. सासूबायन शिकवल्यान. गॅसवर ज्योतीत टाकी, कॉइलवर तारेर."

करपल्याच्या वासाचाही उलगडा झाला.

"पण इथे आग कुठे आहे?"

"ता लाल काय दिसता मगे?" त्यांनी पट्टीवरच्या लाल आकड्यांकडे बोट दाखवलं.

त्यांचं काय चुकलं? त्या अख्ख्या मशीनवर लाल तेवढंच होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. चुंबक, बूड, पट्टी. ऐकून त्या तव्याकडे वळल्या.

"म्हंजे आग खयच नाय. तवोच तापता. तवोच चूल?"

"असंच म्हणा."

"मगे तव्याकच देतंय."

दुसरं घावण फुकट गेलं होतं. ते खरवडून तवा पुन्हा तापवला. नव्या घावणाचा तुकडा तव्याच्या काठावर गेला, हात जोडले गेले, मिक्सर फिरला. इंडक्शन हूं की चूं न करता चालत राहिला. दीर आले तेव्हा चौदा डबे दारात भरून तयार होते. पंधरावा मी तिथेच बसून खाल्ला. कुसुमताईंनी मुलाला फोन लावला आणि एकच वाक्य बोलल्या, "सोमवारच्या डब्यांची भाजी घेऊन ये, डबे चालू आसत."

संध्याकाळी विकासचा फोन. "काका, रिपोर्टमध्ये 'पॅनेलवर घावण' लिहिलंय. मग हे मिसयूजच झालं ना?"

"नाही. यूजच होता. आपल्या मॅन्युअलमध्ये नव्हता, एवढंच."

कॉल क्लोज झाला, वॉरंटी राहिली. टेस्टचं पातेलं मी अजूनही बॅगेत बाळगतो, पण आधी बाईंना त्यांचं रोजचं काहीतरी रांधायला सांगतो. तीन व्हिजिट मी पाणी उकळत बसलो होतो, आणि पाण्याचा नैवेद्य अग्नीला कोणी दाखवत नाही.