व्याह्याचा जबडा

फौजेच्या दवाखान्यातली नोकरी संपवून पेन्शनीत आल्यापासून नाथाजीनं गावाला एकच गोष्ट शंभरदा ऐकवली होती. लढाईत एका जवानाचा श्वास कोंडला, तेव्हा डॉक्टरनं जागेवरच वस्तऱ्यानं गळ्याला भोक पाडून त्याला वाचवलं. गोष्ट खरी होती. नाथाजीनं फक्त कंदील धरला होता. पण सांगता सांगता कंदील गळून पडला आणि वस्तरा नाथाजीच्याच हातात आला.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तासगावजवळच्या त्याच गावात त्याच्या लेकीचं, चंद्राचं, लग्न लागलं. अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि व्याही लालासाहेब मानपानावरून फुगून बसले. नाथाजी हौशी गडी. त्यानं बुंदीचा अख्खा लाडू उचलला आणि नको-नको म्हणणाऱ्या व्याह्याच्या तोंडात कोंबला. पंगत हसली. लालासाहेबांनी मात्र डोळे पांढरे केले.

पाठीत रट्टे घातले, बोटानं तोंडातली बुंदी काढली, तरी आत काहीतरी अडकलंच होतं. लालासाहेब मांडवातच आडवे झाले. धुळा न्हाव्यानं मोठ्या भक्तिभावानं वस्तरा पुढं केला.

"घ्या नाथादा, नुकतीच धार लावलीया."

नाथाजीला दरदरून घाम फुटला. व्याही मेला तर पोरीला जन्मभर पांढऱ्या पायाची म्हणतील, आणि लाडू तर आपण भरवलेला! तेवढ्यात त्याला फौजेतल्या उस्तादाचा ओरडा आठवला: मैदानात श्वास तेवढा चालू ठेवा, बाकीचं दवाखाना बघेल. त्यानं वस्तरा ढकलला, व्याह्याच्या उशाशी बसला आणि दोन्ही हातांनी त्याचा जबडा पुढं ओढला. घर्र करून श्वास आत गेला. हात सैल केला की बंद, ओढला की चालू.

मग निघाला ट्रॅक्टर सांगलीला. ट्रॉलीत व्याही, नाथाजी, अर्धं वऱ्हाड आणि उतरायचं राहून गेलेले दोन वाजंत्रीवाले. वाटेतल्या गावांना ती वरातच वाटली. एका ठिकाणी तर बायका ओवाळायला पुढं आल्या. भीतीनं नाथाजीला हसू आवरेना, आणि जबडा सोडून डोळे पुसायची सोय नव्हती.

दवाखान्यातही तो जबडा सोडेना. स्ट्रेचरबरोबर ओणवा चालत थेट आत गेला. शेवटी डॉक्टरांनी त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवली.

"मी धरलंय. आता सोडा, काका."

दिवा लावलेलं पातं तोंडात सारून त्यांनी लांब चिमट्यानं बुंदीचा गोळा बाहेर काढला आणि ऑक्सिजन लावला. नाथाजी व्हरांड्यात बसून ढसाढसा रडला.

संध्याकाळी लालासाहेब उठून बसले. चंद्रा नवरीच्या वेशातच मागून येऊन पायाशी उभी होती. वऱ्हाडातलं कुणीतरी कुजबुजलंच, घरात पाऊल टाकायच्या आधीच सासऱ्याची ही गत झाली म्हणून. नाथाजीनं मान खाली घातली.

लालासाहेबांचा आवाज बसला होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"पायगुण वाईट असता तर हिचा बाप फौजेच्या दवाखान्यात नसता, शिंपी असता, आन मी मेलो असतो."

चंद्रा पदर तोंडाला लावून हसली. मग लालासाहेब तिला जवळ बोलावून म्हणाले, बापाला सांग, जबडा लय दुखतोय.