हशासाठी सोडलेली जागा

माझ्या विनोदी कारकिर्दीत मी एकच वाद शेवटपर्यंत लढलो आणि तो जिंकलो. चूकही माझीच निघाली.

नव्वदच्या दशकात मी दिवसा दिवाणी न्यायालयात क्लार्क होतो आणि गणपतीच्या दिवसांत आमच्या पेठेतल्या तालीम मंडळाच्या सजीव देखाव्याचा नट व दिग्दर्शक. आमच्या देखाव्यात मंचावर कोणी बोलत नसे. संवाद आधी टेपवर भरायचे, मंचावर फक्त ओठ हलवायचे. रस्त्यावरची गर्दी हसली की पुढचे वाक्य बुडे. म्हणून प्रत्येक विनोदानंतर मी पाच-सहा सेकंद टेप मोकळी सोडत असे. त्या मोकळ्या जागेत माझा जोडीदार, हुपरीचा पैंजण घडवणारा कारागीर, काहीही करत नसे. नुसता माझ्याकडे बघे. माझ्या वाक्याने हशा येई. त्याच्या बघण्याने तो दुप्पट होई.

निवृत्तीनंतर मी इंटरनेटसाठी विनोदी मालिका काढली. तेव्हा तिला वेब सिरीज म्हणायची पद्धत नव्हती. सामाईक भिंतीवरून भांडणारे दोन शेजारी, एवढाच विषय; एक मी, दुसरा तोच जोडीदार. लग्नाचे शूटिंग करणाऱ्याचा कॅमेरा घेतला आणि अंगवळणी पडलेल्या रीतीने, हशाच्या मोकळ्या जागांसकट, आधी टेप भरली, मग ओठ हलवले. पुण्याच्या एका कंपनीने दहा भाग आपल्या संकेतस्थळावर दाखवायचे कबूल केले. पहिला भाग संपादकाकडून परत आला, सोबत एक ओळ: ‘अनावश्यक शांतता काढली आहे.’ माझे प्रत्येक वाक्य शाबूत होते. जोडीदाराची मात्र दोन ठिकाणी फक्त पाठ दिसत होती.

मी तडक कागद-पेन घेतले. मी लिहिले: ‘कराराच्या कोणत्या कलमान्वये आपण एका कलावंतास कापून काढले, याचा खुलासा करावा. भाग मूळ स्वरूपात न दाखवल्यास उरलेले नऊ मिळणार नाहीत.’ पत्र रजिस्टर पोस्टाने, पोहोचपावतीसह पाठवले आणि प्रत घेऊन हुपरी गाठली. तो पैंजणाला घुंगरू जोडत बसला होता. मी प्रत मोठ्याने वाचली.

“झ्याक हाय की,” तो म्हणाला. “पन क्लार्कसायेब, पुण्याच्या त्या माणसानं आपला भाग एकट्यानंच बसून बघितला असंल न्हवं?”

“असेल.”

“मग त्यो कुणाबरोबर हसनार? रस्त्यावर माणसं हसायची, म्हनून माझं बघनं चालायचं. आता सगळं गप, आनि मी आपला तुमच्याकडं बघतोय. बघनाऱ्याला वाटंल, ह्याला भोवळ आली.”

“म्हणजे पत्र चुकीचे आहे?”

“पत्र बरोबर हाय. टेप चुकीची हाय. फेका की ती!”

मी पत्राची प्रत घडी करून खिशात घातली आणि त्याला कधी सवड आहे ते विचारले.

पुढच्या रविवारी तालमीच्या अंगणात सतरंज्या टाकल्या, पेठेतली माणसे बसवली आणि तोच भाग टेपशिवाय, आमच्याच तोंडाने बोलून पुन्हा चित्रित केला. भिंतीवरचे पहिले वाक्य मी टाकले. अंगण हसले. त्याने माझ्याकडे बघितले आणि ते पुन्हा हसले. हशा ओसरेपर्यंत तो थांबला, वर आणखी थोडा थांबला. तेव्हा पुढे बसलेल्या एका आजींनी पदर तोंडात कोंबला.

नव्या भागासोबत मी दुरुस्त पत्र जोडले: ‘शांतता ठेवण्याची माझी रीत चुकली, हे मान्य. माणूस कापता येणार नाही, हे म्हणणे कायम.’

आठवड्याने उत्तर आले. तेही मी हुपरीला जाऊन वाचून दाखवले: ‘भाग जसाच्या तसा घेत आहोत. जे गृहस्थ नुसते बघतात, त्यांना उरलेल्या भागांत अधिक वेळ द्यावा.’

त्याने हातातले पैंजण खाली ठेवले आणि माझ्याकडे बघितले. नुसते बघितले. मी त्याला हवा तेवढा वेळ दिला.