जिवतीला गुलाब

त्या वर्षी श्रावण आला तो नुसता कॅलेंडरवर. जनावरं चारा छावणीला गेली होती आणि गावात उरलेल्या शेळ्यांनी बांध चाटूनपुसून साफ केले होते. दूध संस्थेत दुधाचा थेंब येत नव्हता, पण चेअरमन साहेबांना पाटी नवी हवी होती. ती मी रंगवत होतो. गावात चित्रकलेच्या दोन परीक्षा पास झालेला मी एकटाच, आणि मला त्याचा माज होता.

आमची लेक तीन वर्षांची. टँकरचं पाणी तिला बाधलं. तालुक्याच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं, तरी पोटात काही ठरेना. बायकोनं जिवतीचा कागद भिंतीला चिकटवला. लेकरांच्या आयुष्यासाठी श्रावणातल्या शुक्रवारी जिवती पुजतात; तिला माळ लागते दुर्वांची आणि आघाड्याची. दुर्वा हातपंपाजवळ चार काड्या सापडल्या. आघाडा, जो एरवी उकिरड्यावर फोफावतो नि येता-जाता कपड्यांना चिकटतो, तो मात्र सगळं शिवार पालथं घालूनही मिळाला नाही.

"अवो, तुमी काढा की भिंतीवर. संस्थेचा हिरवा रंग उरलेला हाय."

काढायला बसलो, पण उकिरड्यावरचं झुडूप रंगवायची मला लाज वाटली. मी जिवतीभोवती गुलाबांची महिरप काढली, पाकळी न पाकळी छटा देऊन. शेजारच्या बाया बघायला आल्या.

"लई छान हाय," बायको म्हणाली. "पन हा आघाडा न्हाई."

"जिवतीला काय कळतंय? शोभा बघ की जरा!" मी खेकसलो.

तिनं लेकीला मांडीवर घेऊन ओवाळलं.

पुढचा शुक्रवार उजाडायच्या आत लेक गेली.

मी देवभोळा नाही. चित्रानं जुलाब थांबत नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी त्या गुलाबांची मला आजही शरम वाटते. पुढं कित्येक वर्षं, हाताशी येईल त्या कागदावर मी आघाडाच काढत राहिलो. उभा दांडा, खाली तोंड केलेलं बी. आता डोळे मिटूनही जमतो.

एकदा धीर करून बायकोला विचारलं, "तेव्हा आघाडाच काढला असता तर?"

ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तरीबी ती गेलीच असती. पन मला वाटलं असतं, तुमीबी माझ्यासंगं तिला मागत होता."