ताजबीचं आठवं मडकं

ताजबी रागावली आहे का, असं गडमुडशिंगीत कुणी विचारत नसे. आज कुणावर, एवढंच विचारत. सकाळी ती चुलीवर रागवायची, पेटत नाही म्हणून. पेटली की धुरावर. शेजारच्या बनाबाईच्या कोंबडीला ती नाव घेऊन शिव्या द्यायची, आणि त्या कोंबडीला नावसुद्धा तिनंच ठेवलं होतं. तिच्या आवाजाची नक्कल करणं सोपं नाही. घशातून काढला तर पुरत नाही, पोटातून काढावा लागतो, आणि शेवटच्या शब्दाला ओलं धोतर झटकल्यासारखा झटका द्यावा लागतो. "काय मानूस हाईसा का धोंडाऽ!"

हा धोंडा म्हणजे तिचा नवरा गैबी. त्याची नक्कल कुणालाही जमेल. तोंड मिटून बसायचं, झालं.

गैबी रानबदकं धरायचा. दिवाळी सरली, थंडी पडली की गावाखालच्या तळ्यावर ही बदकं थव्यानं उतरतात. त्यांना धरायची रीत अशी : जुनी काळी मडकी पालथी घालून तळ्यात सोडून द्यायची. दोरीला दगड बांधला की ती एका जागी डुलत राहतात. पहिल्या दिवशी बदकं लांब पळतात, चार-पाच दिवसांनी जवळ येतात, मग पार मडक्याला पाठ घासायला लागतात. तसं झालं की भल्या पहाटे अंगाला करडईचं तेल चोळायचं, डोळ्यांपुरती दोन भोकं पाडलेलं एक मडकं डोक्यावर घालायचं आणि गळ्याएवढ्या पाण्यातून मुंगीच्या पावलानं थव्यात शिरायचं. खालून हात घालून बदकाचे पाय धरायचे, ओढायचं. दोन धरली की लगेच काठाला यायचं, कारण हलाल न होता पाण्याखाली मेलेलं बदक ताजबी घरात घेत नसे.

आणखी एक सांगायला हवं. मडक्यात बाहेरचं काही धड ऐकू येत नाही, आपलाच श्वास घुमतो. लोक म्हणत, गैबी बदकांसाठी जातच नाही, ताजबीच्या तोंडापासून सुटायला जातो. हे ताजबीलाही माहीत होतं, आणि त्यावरही ती रागवायची.

आता कोल्हापूर दरबारी शिकारीचा थाट. मग आमच्या इनामदारांना शिकारीवाचून कसं चालेल? दर हिवाळ्यात तळ्याच्या बांधावर त्यांचा तंबू लागायचा, कुठले कुठले पाहुणे बंदुका घेऊन यायचे. पाहुण्यांची सरबराई कारभाऱ्यांकडं. सगळे त्यांना आण्णा म्हणत. आण्णांचा आवाज नाकात सुरू होतो आणि नाकातच संपतो. प्रत्येक वाक्याच्या आधी "असं बघा" येतं, आणि बघण्यासारखं पुढं काहीच नसतं.

आण्णांची एक युक्ती होती. पाहुण्यांना बदक लागायचं नाही. बार काढला की थवा उडून जायचा, छर्रे पाण्यात. पण जेवायला बसल्यावर ताटात बदक हवंच! म्हणून गैबीनं आधी धरून द्यायची, आचाऱ्यानं मांसात दोन-चार छर्रे दाबायचे. पाहुण्याच्या दाताखाली छर्रा आला की तो खूश. म्हणायचा, माझाच बार! मग आण्णा मान डोलवायचे.

त्या वर्षी बेळगावच्या छावणीतला एक तरणा साहेब पाहुणा आला. आदल्या दिवशी आण्णा ताजबीच्या दारात उभे राहिले.

"असं बघ गैबी, उद्या चार बदकं हवीत. पाण्यात असताना बार झाला तर हलू नकोस. मडक्याखाली गप उभा राहा. साहेब तंबूकडं गेले की मग मागच्या वाटेनं आचाऱ्याकडं ये. तू त्यांना दिसता कामा नये."

"आनि छर्रा लागला म्हंजे?" ताजबीनं आतून विचारलं.

"बार आकाशात असतात, ताजबी."

"तुमी बसा की मग पान्यात. आकाशातच हाईत न्हवं?"

आण्णा हसले. गैबीनं मान डोलावली. धोंडाच तो.

दुसऱ्या दिवशी बनाबाई आणि ताजबी तळ्याच्या कडेला धुणं धूत होत्या. गार वारं अंगाला झोंबत होतं. पाण्यात सात मडकी डुलत होती, त्यांतल्या एकात गैबी. एक फुटक्या कानाचं जादा मडकं काठावर पडलं होतं. साहेब उशिरा येणार असं ठरलेलं, पण तो लवकर आला. बांधावर खुर्च्या मांडल्या, बार झाला, थवा उठला. दुसरा बार झाला. एक पीससुद्धा खाली आलं नाही. बदकं माळापलीकडं दिसेनाशी झाली आणि तळं मोकळं पडलं. सात मडकी तेवढी राहिली.

सांगितल्याप्रमाणं गैबी हलला नाही.

साहेब चिडला. मग त्याची नजर मडक्यांवर गेली. त्याचं हिंदुस्थानी तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं होतं. "ये काला काला क्या है?"

आण्णांना माहीत होतं. त्यांनीच पाठवलं होतं. तोंड उघडून एवढंच सांगायचं होतं, साहेब, एका मडक्यात माणूस आहे. पण मग साहेब विचारणार, माणूस तिथं काय करतोय? आणि दाताखालच्या छर्र्यांची गोष्ट बाहेर येणार. इनामदारांची लाज एकीकडं, गैबीचं डोकं एकीकडं. आण्णांनी घाम पुसला आणि नाकातून म्हणाले, "मटका है, साहेब. रिकामा मटका."

"टो हम टोडेगा!" साहेब हसला आणि बार काढला. डावीकडचं मडकं फुटलं. खापऱ्या पाण्यावर उडाल्या.

बनाबाईच्या हातातलं लुगडं पाण्यात सुटलं. "अगं ताजबी, तुजा दाल्ला…"

त्या मडक्याखाली कुणी नव्हतं. सहा उरली.

ताजबी पोटातून ओरडली. "भाईर याऽ! अवो, भाईर या! मारत्यात तुमास्नी!"

मडकी डुलत राहिली. ज्या माणसानं लग्नापासून रोज सकाळ-संध्याकाळ तिचं ओरडणं ऐकलं, तो या ओरडण्यानं कसा हलणार? मडक्यात नुसतं घूंऽ ऐकू आलं असणार. चूल पेटली नसेल, असं वाटलं असणार.

ती बांधाकडं वळली. "आण्णा! सांगा की त्याला! मानूस हाय त्यात!"

"असं बघ ताजबी, पाहुण्यांसमोर आरडाओरडा…"

"मानूस हाय म्हनून सांगा!"

"सांगतो, सांगतो. जरा दमानं."

"क्या बोलटा है?" साहेबानं विचारलं.

"कुछ नहीं साहेब. धोबीण आहे. धुण्याचं काहीतरी."

धोबीण! साहेब बंदूक भरायला लागला. असली माणसं गावात पायात जोडे घालून फिरतात आणि लोक त्यांना वाकून नमस्कार करतात.

ताजबीनं काठावरचं फुटक्या कानाचं मडकं उचललं आणि नेसत्या लुगड्यासकट पाण्यात उतरली. त्या थंडीत पाणी हाडाला चावत होतं. गुडघा, कंबर, छाती. बरोबर मडक्यांच्या आणि बंदुकीच्या मध्ये जाऊन ती उभी राहिली. मग तिनं ते मडकं आपल्या डोक्यावर पालथं घातलं. आतून आवाज आला, विहिरीतून यावा तसा :

"हान आता! कुटल्या मडक्यात मानूस हाय आनि कुटलं रिकामं, त्या तुज्या आण्णाला इचार आनि हान!"

साहेबाला शब्द कळले नाहीत. पण एक मडकं त्याच्या डोळ्यांसमोर बाईच्या डोक्यावर चढलं होतं आणि बोलत होतं. त्यानं उरलेल्या मडक्यांकडं बघितलं. एका मडक्याला दोन भोकं होती, आणि त्या भोकांत दोन डोळे. बंदूक त्यानं अशी खाली ठेवली, जणू ती तापली होती.

आता मात्र गैबी हलला. मडकं वर करून त्यानं विचारलं, "तू हितं कशाला आलीस?"

"मराया!"

"आण्णांनी सांगितलंय, हलायचं न्हाय."

"आण्णांनी श्वास घ्यू नगो म्हनलं तर?"

"दोन धरल्यात मी. त्यांची तोंडं मडक्यात वर धरल्यात, जित्ती हाईत. तू आलीस, आता सगळं उगडं पडलं."

त्या तळ्यात, गळ्याएवढ्या पाण्यात, डोक्यावर मडकी आणि हातात फडफडणारी बदकं, असं ते नवरा-बायको भांडत उभे होते. बनाबाई रडत होती आणि हसतही होती.

साहेब पाण्याजवळ आला. "आडमी उढर क्या करटा है?"

आण्णा म्हणाले, "असं बघा साहेब…"

"मी सांगतो की," ताजबी ओलीचिंब काठावर आली. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, करतो, जातो. तिनं गैबीच्या हातातली बदकं हिसकली आणि साहेबाच्या नाकासमोर धरली. "तेरे ताटमें बैठनेवाला बदक पकडता है! छर्रा आचारी घालता है! तेरा बार आकाशमें जाता है!"

हे मात्र त्याला नीट कळलं. तो आण्णांकडं बघत राहिला, मग ताजबीला काहीतरी हळू बोलला. माफी असावी. तिनं ती घेतली नाही. साहेब न जेवता घोड्यावर बसून गेला.

बदकं ताजबीनं घरी नेली, कापली, रस्सा केला आणि बनाबाईच्या घरीही वाटी धाडली. इनामदारांचा निरोप आला की उद्यापासून तळ्यात मडकं दिसता कामा नये. गैबी हिवाळाभर दुसऱ्याच्या शेतात ऊस तोडायला गेला. ताजबी त्यावरही रागवली, पण त्याच्यावर नाही.

पुढच्या थंडीत आण्णा परत दारात. पाहुणे आले होते. तीन दिवस बार काढून झाले होते आणि ताटात वांगी वाढावी लागत होती.

"असं बघ ताजबी, झालं गेलं. यंदा आम्ही मडक्यावर एक तांबडं फडकं बांधू. म्हणजे कुणी चुकून…"

"फडकं बघून बदकं येतील व्हय?"

"मग असं कर, तूच सांग काय करायचं."

गैबी आतून बघत होता. त्याला जायचं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. ताजबीनं त्याच्याकडं न बघता मागं हात घालून कोपऱ्यातलं भोकाचं मडकं ओढलं आणि आण्णांच्या पोटाला लावलं.

"तुमी घाला डोक्यावर. आमचं ह्ये बांधावर खुर्चीत बसतील, मी पावन्याला सांगतो रिकामं हाय म्हनून. चला, करडईचं त्याल देऊ का?"

आण्णांनी मडकं धरलं, कारण तिनं ते सोडलं होतं. दोन्ही हातांत ते घेऊन त्यांनी दोन भोकांतून एकदा तळ्याकडं बघितलं आणि ते हळूच उंबऱ्यावर ठेवून दिलं.