उघड्या दाराजवळची खुर्ची

आधी सिस्टरबाईंचं सांगते. आमच्या कारखान्यामागच्या दवाखान्यात त्या बीपी तपासायला बसतात. श्वास कसा घ्यायचा हे मला, तिशी ओलांडलेल्या बाईला, त्यांनी शिकवलं. वाचणाऱ्याला हसू येईल. श्वास काय शिकवायची गोष्ट आहे का? मलाही तेच वाटलं होतं, आणि म्हणून पहिल्या दिवसापासून मी त्यांच्यावर संशय घेतला. पुढचं सांगताना माझा मूर्खपणा बाहेर पडणारच आहे, तेव्हा त्यांचे उपकार आधी सांगून ठेवलेले बरे.

माझं गाव किनवटच्या पलीकडं. सोलापुरातून निघालं तर पोचायला अख्खा दिवस जातो. सातवीत शाळा सुटली, आणि आता मी शाळेचे गणवेश शिवते. कारखान्यात मी कॉलरच्या मशीनवर. कॉलर सगळ्यांना जमत नाही, दोन्ही टोकं सारखी निघावी लागतात. गावी खुरपणीशिवाय दुसरं काम नव्हतं. इथं माझं म्हणून एक मशीन होतं.

जूनच्या आत माल जायचा असतो, म्हणून मार्चपासून सीझन चढतो. त्या सीझनला माझी छाती धडधडायला लागली. मशीन चालू असताना मधेच घशाशी काहीतरी यायचं, हात गार, कान बंद. आपण आता मरणार आणि इथं आपलं कुणी नाही, एवढंच डोक्यात. दोनदा लाइन सोडून जिन्यात जाऊन बसले. दवाखान्यात छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. डॉक्टर म्हणाले, काही नाही. सुपरवायझर म्हणाले, "ताई, तिसऱ्यांदा उठलात तर धागे कापायला बसवीन. सीझन हाय." धागे कापायला बसवलेली बाई परत मशीनवर आलेली मी पाहिली नव्हती.

बीपी बघता बघता सिस्टरबाई म्हणाल्या, "रविवारी सकाळी माज्या घरी ये. पाचसहा जण बसतो आमी, ध्यानाला."

"किती घेता?"

"काय?"

"फी."

"काय न्हाय."

तिथंच माझा संशय पक्का झाला. गावी एकदा असंच फुकट शिबिर आलं होतं. गुडघे चोळून दिले, गोड बोलले, आणि जाताना आईच्या गळ्यात तेलाच्या बाटल्या मारून गेले. तरी मी गेले. जिन्यात बसून मरण्यापेक्षा फसलेलं परवडलं.

बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या, दोन सतरंज्या, एक कूलर. मी आधी भिंती पाहिल्या. फोटो नाही, उदबत्ती नाही. देव दिसला असता तर निदान कळलं असतं, दुकान कुणाचं आहे.

"कुठल्या महाराजांचं आहे हे?"

"कुणाचंबी न्हाय," सिस्टरबाई म्हणाल्या. "नाक तुजं, श्वास तुजा. देव घरी ठेव न्हायतर संगं आण, हितं त्याची अडचण न्हाय."

मग म्हणाल्या, डोळे मिटा. मी मिटले नाहीत. चपला पिशवीत घालून पिशवी मांडीवर घेतली होती, मोबाइल ब्लाउजमध्ये. सतरंजीवर एक काका बसले होते, रिक्षा चालवायचे पूर्वी. ते म्हणाले, "सिस्टर, ह्या ताईस्नी वाटतंय आपण चपला खातो!"

सगळे हसले. सिस्टरबाई हसल्या नाहीत. "डोळं उघडं ठेव. खुर्ची दाराजवळ घे. दारबी उघडंच राहू दे, वाटलं की ऊठ आन् जा."

एप्रिलमधलं सोलापूर. सकाळीसुद्धा दार उघडं म्हणजे कूलर असून नसल्यासारखा. काका टॉवेलनं मान पुसत राहिले, पण दार कुणी लावलं नाही. मला वाटलं, काही डाव असल्याशिवाय माणसं इतकं सोसत नाहीत.

शिकवलं ते एवढंच. श्वास आपोआप होऊ द्यायचा, सुटला की एक म्हणायचं, पुढच्याला दोन. दहापर्यंत जायचं, मग पुन्हा एक. मधे चुकलं तरी पुन्हा एक.

आता पीसवर, म्हणजे नगामागं पैसे घेऊन, काम करणाऱ्या बाईला दहा झाल्यावर परत एक म्हणायला सांगितलं तर तिला काय वाटेल? माझे दहा गेले कुठं? माल तपासणाऱ्या चेकरनं अख्खं बंडल परत फेकावं तसं झालं. मी मनात वेगळी मोजणी ठेवली. दहा झाले की एक बोट दुमडायचं, बंडल बांधल्यासारखं. कुणी पुढं जाऊ नये म्हणून वेग वाढवला. काकांच्या पोटाकडं नजर होती. ते फार मागं पडले होते.

शेवटी सिस्टरबाईंनी विचारलं, "कसं वाटलं?"

"चारशे दहा," मी म्हणाले आणि उठले. डोळ्यांपुढं अंधारी, ओठांना मुंग्या. काकांनी खुर्ची सरकवली म्हणून पडले नाही.

"सिस्टर, ओव्हरटाइमच केला की ह्यांनी!"

सिस्टरबाईंनी पाणी दिलं. मी ते हुंगून पाहिलं. इथपर्यंत गेले होते मी. त्यांना ते दिसलं. तरी शांतपणे म्हणाल्या, "अगं, लई भरभर घेतलास श्वास, म्हणून मुंग्या आल्या. हितनं माल कुटं जायचा न्हाय. एकवर परत येणं हेच काम हाय. शिक्षा न्हाय ती."

मी मान हलवली आणि ठरवलं, परत यायचं नाही.

दोन रविवार गेले नाही. आता निरोप धाडतील, आता बाटली काढतील, म्हणून वाट पाहत होते. एकदा दवाखान्यासमोर दिसल्या. "जेवलीस का?" एवढंच विचारलं. ज्यांना आपल्याकडून काही काढायचं असतं ती माणसं पाठीमागं लागतात. या लागत नव्हत्या. त्यानं मला जास्तच अस्वस्थ केलं. तिसऱ्या रविवारी गेले ती या बाई काय लपवतात ते बघायला. माझी खुर्ची दाराजवळच होती.

काका म्हणाले, "आलात? दोन रविवार दार उघडं ठिवून भाजलो आमी."

मी जाऊन खुर्चीत बसले. चपला मात्र पिशवीतच ठेवल्या.

मे महिन्यात एका दुपारी, पत्रा तापलेला असताना, कॉलरचं टोक वळवता वळवता ते आलं. घसा, हात, कान. सुपरवायझर तीन मशीन पलीकडं उभे. उठले असते तर धागेच. मी मशीनच्या पायट्यावरून पाय उचलला नाही, हळू केला. डोळे उघडेच, सुईवर. एक. दोन. तीन. चारला वाटलं, मरते. परत एक. किती वेळा एकवर आले ते मोजलं नाही. हळूहळू कान उघडले, शेजारच्या मशीनचा आवाज आला. कॉलर वाकडी निघाली होती.

सुपरवायझर येऊन उभे राहिले. "काय झालं, ताई?"

"टोक चुकलं. उसवते आणि परत घालते."

ते पुढं गेले. मी उसवलं.

सीझन संपला, मशीन माझंच राहिलं. धडधड गेली असं नाही. येते, पण जिन्यात जावं लागत नाही. संशयही गेलेला नाही. अजून रविवारी खोलीत शिरताना आधी भिंती बघते, नवा माणूस दिसला की विचारते, हे कोण? सिस्टरबाई काही घेत नाहीत. एकदा दिवाळीला साडी नेली तर म्हणाल्या, "आईला पाठव."

पण माझ्यामुळं ती माणसं दोन उन्हाळे भाजलीत, हे मला ठाऊक आहे. सिस्टरबाईंचे पाय सुजतात उन्हानं, तरी त्या दार उघडं ठेवतात. कारण न विचारता. म्हणून सिस्टरबाई, हे लिहून देते. एका उन्हाळ्यात मी येईन, चपला बाहेर काढीन, आणि तुमचं दार माझ्या हातानं लावून आत बसेन. याच वर्षी जमेल असं म्हणत नाही. पण लावीन.