कोणते कार्ड, कोणती ओळ

प्रथम क्षमा मागते. लेखन हे माझे क्षेत्र नव्हे. गणितात एम.एस्सी. केले, काही वर्षे गडचिरोलीत शिकवले, चाळिशीच्या उंबरठ्यावर संगणकाकडे वळले आणि निवृत्तीनंतर आता लेखणीकडे. प्रत्येक ठिकाणी उशिरा पोचण्याची माझी सवय जुनी आहे. ज्या गोष्टीविषयी लिहिणार आहे तीही कोणाला मोठी वाटेल अशी नाही. एका यंत्राला आपले दुखणे नीट सांगता यावे म्हणून मी एकदा थोडे काम केले आणि ते साधले, एवढीच ती गोष्ट. ते साधले याची खंत का वाटते, हे सांगण्याचे धाडस करते आहे.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. गडचिरोली जिल्हा नवा होता, कार्यालये भाड्याच्या घरांत होती. वनोपजाचे हिशेब ठेवणाऱ्या एका कार्यालयात तेव्हा संगणक आला आणि तो चालवण्यासाठी माझी नेमणूक झाली. इतर कोणी अर्ज केला नव्हता, हे त्यामागचे खरे कारण. कपाटाएवढे ते यंत्र कौलारू घराच्या आतल्या खोलीत, आमच्या कार्यालयातल्या एकुलत्या एक एअरकंडिशनरसमोर उभे होते. बाहेरच्या खोलीत दोन मुली बसून आलापल्लीच्या डेपोतले सागाचे लठ्ठे, बांबूचे गठ्ठे, तेंदूपानाची पोती असे सारे पडद्यावर भरत असत.

यंत्र मधूनच बंद पडे. कन्सोलवर, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर, इंग्रजीत एक ओळ उमटे. मेमरीत पॅरिटीची चूक झाली आहे, मी थांबतो. एवढेच. मेमरीतल्या प्रत्येक आठ खुणांसोबत एक नववी खूण ठेवलेली असते. वाचताना तिचा मेळ बसला नाही, की यंत्राला कळते की काहीतरी बिघडले. पण चार कार्डांपैकी कोणत्या कार्डावर, कार्डावरच्या चिपांच्या कोणत्या ओळीत, हे ते सांगत नसे. मुलींचे सकाळपासूनचे काम वाया जाई, साहेबांचा आवाज चढे, आणि मी नागपूरला फोन लावी. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचे इंजिनीयर येत.

मी ज्यांच्याविषयी लिहिते आहे ते हेच. यंत्र विकणाऱ्या कंपनीचे नागपूरचे कार्यालय, आणि भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या तिन्ही जिल्ह्यांना मिळून हे एकटे. वयाने माझ्याएवढे, मूळचे वर्ध्याकडचे, पत्नी वारून काही वर्षे झालेली. सकाळच्या गाडीने उमरेड, नागभीड, आरमोरी करत येत. हातात तपकिरी सूटकेस, तिच्यात गुलाबी प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवलेली कार्डे. एक काढायचे, दुसरे घालायचे, यंत्र सुरू करून वाट पाहायची. पुन्हा बंद पडले तर पुढचे कार्ड. या वाट पाहण्यात दिवस जाई.

तो दिवस मला आवडत असे. आता या वयात हे लिहायला संकोच वाटू नये, तरी वाटतो.

आमचे शिपाईभाऊ मात्र संकोच मानणाऱ्यांतले नव्हते. ते चामोर्शीकडचे, वयाने माझ्याहून मोठे. एकदा चहा ठेवता ठेवता सर्वांदेखत म्हणाले, "बाई, मशीन बिमार पडली का साऱ्यायचं तोंड उतरते. तुमचंच खुलते, काऊन जी?"

मुली हसल्या. मी म्हटले, "भाऊ, चहात साखर कमी आहे."

"हो का? या सायेबाले तर गोड लागून राह्यला," असे म्हणून ते निघून गेले. इंजिनीयरसाहेब कार्डाकडे पाहत राहिले, पण त्यांचे कान लाल झाल्याचे मला दिसले.

त्यांनीच मला कार्ड हाताळायला शिकवले. "आधी लोखंडाले हात लावा, मॅडम. अंगातली वीज उतरू द्या." मग माझा हात कपाटाला लागला आहे ना, हे पाहूनच कार्ड माझ्या हाती देत. दुपारी डबा वाटून खात असू. तांदळाची भाकर त्यांना घरी मिळत नसे. आई दोन जास्त देऊ लागली, का म्हणून तिने विचारले नाही.

यंत्राला बोलते करण्याची कल्पना त्यांचीच. एका उन्हाळ्यात, सलग दुसऱ्या आठवड्यात येणे झाल्यावर, ते घाम पुसत म्हणाले, "हे मशीन म्हणजे मुकं जनावर आहे. दुखते, पण कुठी दुखते ते सांगत नाई. आणि खरं सांगू का? त्याले माहीत असते."

त्यांनी सूटकेसमधून आकृतीचा झेरॉक्स काढला. मेमरीच्या नियंत्रण-कार्डावर एक छोटा कप्पा होता. चूक होताक्षणी ती मेमरीतल्या कोणत्या पत्त्यावर झाली, हे त्यात आपोआप अडकून राही. परंतु ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो त्या कप्प्याकडे पाहतच नसे. चूक झाली म्हणायचा आणि थांबायचा. कंपनीने गाभ्यातली नेमकी ती फाइल दुरुस्तीसाठी मोकळी ठेवलेली होती. बाकीचे सारे बंद.

"तुमचं गणित चांगलं आहे, मॅडम. तुम्ही लिहून पाहा ना. हे जमलं, तर साऱ्या मशिनीवर लावू. एस.टी.त माझी हाडं खिळखिळी झाली."

मी लिहू लागले. काम थोडक्या ओळींचे, पण अवघड जागचे होते. मेमरी बिघडल्याचे सांगणारा मजकूर त्याच मेमरीत ठेवलेला असतो. सांगणाराच बिघडलेल्या जागी बसला असेल तर काय करायचे? म्हणून तो भाग पहिल्या कार्डाच्या अगदी तळाशी, पहिल्या चिपांच्या ओळीत नेऊन ठेवला. पहिलीच ओळ बिघडली, तर त्याला इलाज नव्हता. नेहमीच्या छपाईच्या सोयी टाळून कन्सोलला एकेक अक्षर हाताने देण्याची व्यवस्था केली. कप्प्यातल्या आकड्यावरून कार्ड आणि ओळ काढण्याचा भागाकार तर मला शाळेतल्या उदाहरणासारखा वाटला. आयुष्यात प्रथमच मी कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर कोणी पाहणार म्हणून काम करत होते.

तपासायचे म्हणजे यंत्र मुद्दाम आजारी पाडायला हवे. पुस्तकात त्याच्या युक्त्या दिल्या होत्या. आम्हाला त्यांची गरज पडली नाही. मे महिना होता. एअरकंडिशनर बंद केला आणि बसून राहिलो. जेवण व्हायच्या आत कन्सोलवर ओळ उमटली. पहिले कार्ड, पहिली ओळ.

इंजिनीयरसाहेबांनी टाळी वाजवली. पहिले कार्ड बदलले आणि ते संध्याकाळच्या गाडीने गेले. थोड्याच दिवसांत यंत्र पुन्हा बंद पडले. पुन्हा पहिले कार्ड, पहिली ओळ. ते पुन्हा आले, पुन्हा तेच कार्ड बदलले. पुढच्या खेपेस पुन्हा तेच उत्तर आले, तेव्हा ते डोके खाजवत चहाला बाहेर गेले आणि मी आकृती उघडून बसले. त्या कप्प्याचा स्वभाव असा होता, की तो एकदा वाचला की रिकामा होई. माझा प्रोग्रॅम तो कप्पा आधी वाचत होता, चूक मेमरीचीच ना, हे ठरवायला. आणि मग पुन्हा वाचत होता, पत्त्यासाठी. दुसऱ्यांदा तिथे शून्यच असे. शून्य म्हणजे पहिले कार्ड, पहिली ओळ. यंत्र खोटे बोलत नव्हते. मीच त्याला दोनदा विचारत होते.

ते परत आल्यावर मी हे सांगितले. ते मोठ्याने हसले. मग खुर्ची ओढून बसले.

"एवढी एक ओळ दुरुस्त केली, का झालं?" त्यांनी विचारले.

"झालं. एकदाच वाचून जपून ठेवायचं."

"म्हणजे मग माझं येणंच संपलं. तुम्ही फोनवर कार्डाचा नंबर सांगाल, मी कार्ड ड्रायव्हरच्या हाती पाठवीन. लावता तर तुमाले येतेच."

"तुमचा त्रास वाचेल," मी म्हटले.

"त्रास? हाडं म्हटलं होतं मी. त्रास कुठी म्हटलं?"

मी कीबोर्डकडे पाहत होते. ती ओळ त्याच दुपारी दुरुस्त केली. दुरुस्त न करण्याचा विचार मनात आला नाही असे नाही. पण चूक दिसत असताना तशीच ठेवणे मला शाळेपासून कधी जमले नाही. गाडीची वेळ झाली, तेव्हा सूटकेस उचलत ते म्हणाले, "तुमच्या इकडच्या मंडईचं लय ऐकून आहो. नाटक पाह्यचं आहे एकदा. मंडईच्या टायमाले मशीन बंद पडली तर बरं होईल."

झाडीपट्टीबाहेरच्या, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. दिवाळी झाली, धान कापणीला आले, की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दंडारीचा लोकनाच, दुकाने आणि रात्रभराचे नाटक. त्या दिवशी पाहुणा नसलेले घर उणे समजतात. सोयरे तर येतातच, पण ओळखीच्या माणसालाही "मंडईले या" म्हणण्याची रीत आहे. त्या बोलावण्याचा कोणी वेगळा अर्थ काढत नाही. आरमोरीजवळ माझ्या मामाचे गाव. आईने दरवर्षीप्रमाणे विचारले, "कोणाले बोलवायचं आहे का?" मी नाही म्हटले. इतकी साधी रीत होती, तरी पुरुषाला आपण होऊन बोलावणे माझ्याने होईना. मी यंत्रावर भिस्त ठेवली.

आणि यंत्राने ती भिस्त खरी केली. भाऊबीज झाली आणि मामाच्या गावच्या मंडईच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, ते थांबले. मी धावत आत गेले. कन्सोलवर स्वच्छ अक्षरांत लिहिले होते, दुसरे कार्ड, तिसरी ओळ.

ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. वर्षापूर्वीसारखे तिथे नुसते 'मेमरीत चूक' असते, तर दुसऱ्या सकाळी ते गाडीतून उतरले असते, कार्डे बदलत संध्याकाळ झाली असती, आणि आरमोरी त्यांच्या परतीच्या वाटेवरच होती.

फोन साहेबांच्या खोलीत होता. ट्रंक कॉल लागला तेव्हा समोर साहेब बसलेले, दारात मुली उभ्या, शिपाईभाऊ खिडकीशी नसलेली धूळ पुसत होते. लाइनीत खरखर होती, त्यामुळे प्रत्येक शब्द ओरडून सांगावा लागत होता.

"दुसरं कार्ड," मी ओरडले. "तिसरी ओळ."

"दुसरं? नक्की, मॅडम?"

"हो."

"नाई म्हणजे, मागच्यासारखं नाई ना झालं? मी येऊन पाहू का एकदा?"

साहेबांनी घड्याळ दाखवले. मला उत्तर येत होते. मी ती ओळ स्वतः तपासली होती, कप्पा एकदाच वाचला जात होता, चूक दुसऱ्या कार्डावरच होती. कोणी प्रश्न विचारला की बरोबर उत्तर द्यायचे, एवढेच मला आयुष्यभर शिकवले गेले.

"नको," मी म्हटले. "कार्ड पाठवा. मी लावते."

मग ते म्हणाले, "बरं. सकाळच्या गाडीने पाठवतो. आधी लोखंडाले हात लावजा."

दुसऱ्या दिवशी शिपाईभाऊ स्टँडवरून आले, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुडके. टेबलावर ठेवत म्हणाले, "घ्या बाई. सायेब नाई आले, सायेबाचं कार्ड आलं." या खेपेस त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती. मी कार्ड लावले. दुपारपर्यंत मुली पुन्हा लठ्ठे मोजू लागल्या. साहेबांनी मला बोलावून शाबासकी दिली. संध्याकाळी आई आणि मी मंडईला गेलो. मामाच्या गावात कोणते नाटक लागले होते, ते आज आठवत नाही.

त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत; येण्याचे कारण उरले नव्हते. माझ्या ओळी कंपनीने तिन्ही जिल्ह्यांतल्या यंत्रांत घातल्या. फिरणे कमी झाल्यामुळे नागपूरला एवढी माणसे नकोत असे ठरले आणि त्यांची बदली रायपूरकडे झाली. हे मला त्यांच्या जागी फोनवर येणाऱ्या एका अनोळखी आवाजाने सांगितले. त्यांचा पत्ता मागता आला असता. मी कार्डाचा नंबर सांगितला आणि फोन ठेवला.

पुढे मी संगणकाचे पुष्कळ प्रोग्रॅम लिहिले. त्यातले काही याहून कठीण होते. पण ज्याला जेवढे ठाऊक आहे तेवढे त्याने नीट बोलावे, हा आग्रह मी एका यंत्राकडून पुरा करून घेतला आणि स्वतःला मात्र त्यातून सूट दिली, हे मनातून जात नाही. त्यांना नाटकच पाहायचे असेल, किंवा खरोखरच माझ्या ओळींची शंका आली असेल. इतक्या वर्षांनी मी नसते ते जोडत असेन. तुम्ही त्या खोलीत असता, समोर साहेब, दारात मुली, आणि फोनवरून कोणी विचारत असते, मी येऊन पाहू का, तर तुम्ही काय म्हणाला असता?